प्रकाशाला समुद्र नेला तेव्हा

पडदा बारा बाय नऊचा.
गुंडाळला की झोपलेल्या माणसाएवढा.
तसाच छोट्या हत्तीत आडवा घातला,
पायाशी बांबू, उशाशी कॅमेऱ्याची पेटी,
आणि शहाद्याहून निघालो, मी आणि वाल्मिक.
दुकानाच्या पाटीवरचं ‘सागर’ अजून पुसलेलं नाही.
शटर मात्र पाडव्यापासून खाली.

हा समुद्र अण्णांनी नंदुरबारच्या पेंटरकडून करून घेतला.
पेंटरने समुद्र पाहिला नव्हता.
अण्णांनीही नाही.
म्हणून लाटा नांगरटीसारख्या, सरळ तासांत,
नारळाला केळीची पानं,
आणि क्षितिजावर, नीट पाहिलं तर, तोरणमाळ.

याच्यासमोर अख्खा तालुका उभा राहून गेलाय.
लग्न ठरवायचे फोटो, हातात प्लास्टिकचा गुलाब.
साखर कारखान्यातले फिटर, डोळ्यांवर अण्णांचा गॉगल.
घोडा विकून सारंगखेड्याहून थेट आलेला एकजण,
खिसा दाबून धरलेला, तो हात फोटोतही तसाच.
खालची कड सगळ्यांच्या चपलांनी खाल्ली आहे.
किनारा म्हणायचा तर तोच.

साडेसातला तापीच्या काठी बांबू रोवले.
एप्रिलचं ऊन तेव्हाच भांड्यासारखं तापलेलं.
घरून आणलेली परात वाल्मिकने वर धरली,
उजेड वळवायला,
आणि सांगत राहिला, ताई लवकर, हात भाजतोय.

मला हवं होतं खोटं पाणी खऱ्या पाण्यात.
गुडघाभर उतरले. पडद्याची कड भिजवली.
निळा रंग जरासा सुटला नदीत
आणि कुठे गेला ते दिसलं नाही.
चाळीस फोटो काढले. चाळीसही शहाणे.
मग एक म्हैस आली, समुद्राला पाठ घासून
शांतपणे चौकटीबाहेर गेली.
तो एक बरा आला.

सुपडू भोई डोंगा लावून कधीचा बघत होता.
ये रे दाजी, उभा राहा, म्हटलं.
तो उभा राहिला नाही. पडद्याजवळ आला,
लाटेवर तळहात ठेवला,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात,
आणि म्हणाला, हाऊ तं हालत नही.

मी म्हटलं, दाजी, चित्र आहे. खरा समुद्र लांब.
तो म्हणाला, लांब काय त्यामा?
हाई पानी तठेच जास.
मग धरणाच्या बंद दरवाज्यांकडे हनुवटी केली.
दरवाजा उघाडतीन तवय जाई.

त्यावर मला काही सुचलं नाही.
कॅमेरा गळ्यात, पाय चिखलात,
पाण्यावर हिरवी साय, कुठेच न निघालेली.
साठ वर्षं आमच्या भिंतीवर तसाच एक समुद्र,
कुठेच न निघालेला.

साडेदहाला वारा उठला.
एक बांबू सुटला, मग दुसरा.
पडदा पोट फुगवून उभा राहिला,
लाटा पहिल्यांदाच वाकड्या झाल्या,
तोरणमाळ हलला.
सुपडू ओरडला, धर, धर,
आणि धरता धरता तिघंही हसलो,
परात पाण्यात, वाल्मिक परातीमागे,
कॅमेरा माझ्या पाठीवर गेलेला.
तो फोटो नाही.

दुपारी पडदा पालथा वाळत घातला, शिंगाड्याच्या जाळ्याशेजारी.
मागच्या बाजूला पेन्सिलीत पेंटरचं अक्षर:
‘समुद्र एक नग. उचल साठ. बाकी पंचवीस.’
खाली अण्णांची सही नाही,
फक्त तारीख, आणि तीही खोडलेली.

पंचवीस रुपये दिले की राहिले,
विचारायला आता दोघंही नाहीत.
मी त्या ओळीवर फोकस केला.
सुपडूची सावली मध्ये आली.
हल म्हणणार होते.
म्हटलं नाही.